तलावातला काळा ठिपका

समूहातील सर्वांस नमस्कार. आज सकाळी जऊळक्याजवळच्या तलावावर मी हळदीकुंकू बदकांच्या जोडीचे छायाचित्र मोबाईलवर काढले.

घरी ते चित्र पाहून नात म्हणाली, "आबा, पान्यातला कचरा पुसून देऊ का?" तिने मोबाईलवरच चित्रातला कचरा पुसला. पाणी स्वच्छ निळे दिसू लागले.

परंतु मादीच्या मागे एक काळा ठिपका होता, असे मला आठवत होते. मूळ चित्र मोठे करून पाहिले, तर त्या ठिपक्याला चोच होती.

"कचऱ्याले चोच असते काय, बाई?" मी नातीला विचारले.

"तुमाले बिना चष्म्याचं दिसलं अन् मले नाई," ती हसली.

पुसलेले चित्र पाठवले असते, तर पिल्लू कोणालाच दिसले नसते. म्हणून कचऱ्यासह मूळ चित्रच पाठवत आहे. उजव्या कडेला आणखी एक ठिपका आहे. ते दुसरे पिल्लू आहे की शेवाळ? आपणांस काय दिसते, ते कळवावे.