बकरीच्या पोटातले भाडेकरू

संशोधनाचं काम गोगलगायीच्या चालीनं होतं, किस्से मात्र धावत येतात. माझ्या पीएच.डी.ला सहा वर्षं लागली. पहिला किस्सा पहिल्याच सकाळी झाला!

औरंगाबादेत आमची लॅब होती जंतांची. बकऱ्यांच्या आतड्यांत राहणारे लांबलचक चपटे टेपवर्म, हा माझा विषय. आदल्या दिवशी सर म्हणाले होते, "उद्या ताजी आतडी घेऊन ये." आमच्या घरी अंडंसुद्धा वर्ज्य. नाकाला ओढणी लावून मी रहीमभाईंच्या मटणाच्या दुकानात उभी.

"आतडी द्या. पण धुऊ नका."

"धोना नक्को? ताई, फिर पकाते कैसा तुम लोगां?"

"पकवत नाही. उघडून आतले किडे बघतो."

रहीमभाईंनी पुडकं दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुडकं देण्याआधी त्यांनीच विचारलं, "कल क्या निकला?"

*

जंत जिवंत हवेत, म्हणून आतडी कोमट मिठाच्या पाण्यात, थर्मासमधून आणायची. एकदा फुलंब्रीहून एसटीनं येत होते. खच्चून गर्दी, मी उभी. कंडक्टरची नजर थर्मासवर.

"ताई, घोटभर चहा द्या की. लई डोकं दुखायलंय."

"चहा नाहीये. बकरीची आतडी आहेत, जंतांसकट."

शेजारचं आख्खं बाकडं रिकामं झालं. औरंगाबादपर्यंत ऐसपैस बसून आले!

*

फुलंब्रीचे आबा शेळ्या पाळायचे. "शेळ्या खात्यात, पण अंगी लागत नाय," म्हणत एकदा लॅबमध्ये आले. सरांनी त्यांना मायक्रोस्कोपखाली जंत दाखवला.

"ह्याचं तोंड कुठंय?"

"नसतं आबा. पोटही नसतं. पचलेलं अन्न अंगानंच शोषून घेतो."

आबांनी पुन्हा डोळा लावला.

"म्हंजे कमवायचं नाय, चावायचं बी नाय!" ते म्हणाले. "सर, आमच्या जावयाला घिऊन येतो. दाखवा त्याला."

*

आणि एका दुपारी रहीमभाई स्वतःच लॅबच्या दारात! हातात लोणच्याची बाटली.

"ताई, ये वाला अलग है."

चार वर्षं रोज माझं ऐकून त्यांची नजर तयार झाली होती. बाटलीत एकच जंत होता. स्लाइडसाठी त्याला रंग मी थेंबाथेंबानं चढवला. स्लाइड बिघडली असती तर दुसरा कुठून आणणार? सरांनी पुस्तकं पालथी घातली, बाहेरगावी पत्रं पाठवली. जंत कुठल्याच वर्णनात बसेना. नवीच जात!

रहीमभाईंना बोलावून सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "भाई, शोध तुमचा आहे. नव्या जातीला शोधणाऱ्याचं नाव देता येतं. तुमचं देऊ का?"

रहीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. डोळा लावून स्लाइड नीट पाहून घेतली.

"मेरा कायकू साब?" ते म्हणाले. "इसकू पाली तो बकरी!"