आटलेल्या समुद्रातली बस आणि माझा पूर्वपक्ष

जग उजाड झाल्यानंतरच्या मारधाडीचा एक जुना परदेशी चित्रपट आज, आमच्या वयात, पुन्हा का पाहावा? हा प्रश्न मी सोडवायला घेतला तेव्हा उत्तर माझ्याजवळ तयार होते. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाजवळ ते तयार असतेच. सिद्धता तो मागाहून फळ्यावर जुळवतो.

निमित्त गणेशोत्सवाचे. दूधविनायक या गंगाकाठच्या मोहल्ल्यातली आम्ही मराठी मंडळी उत्सवात एका संध्याकाळी आरतीनंतर चित्रपट पाहतो. यंदा मी माझा आवडता सुचवला. त्यात समुद्र आटलेला आहे, शहरे ओस पडली आहेत, आणि एक म्हातारा चालक उरलेल्या मूठभर माणसांना खटारा बसमधून त्या कोरड्या तळावरून पलीकडे नेतो आहे. मागे लुटारूंच्या मोटारसायकली. गोष्ट एवढीच.

दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विरोध केला. ते ब्रह्मा घाटावर मुलांना वेद शिकवतात. मी लहानपणी पाठशाळा सोडून इंग्रजी शाळेत गेलो, तेव्हापासून मला आवडणारी एकही गोष्ट त्यांनी माझ्या शेजारी बसून पाहिलेली नाही. खरे सांगायचे तर मला चित्रपट दाखवायचा होता तो दादांनाच. मंडळी ही सिद्धतेच्या सोयीसाठी आकृतीत काढतात तशी एक जादा रेषा होती.

आमच्या घरात वादाचा एक नियम आहे. आपले मत मांडण्याआधी विरुद्ध बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, अशी मांडायची की विरोधकाने स्वतः मान डोलवावी. खंडन त्यानंतर. चित्रपट ठरवायच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि नियमाला जागलो. जगात काही उरले नसताना बसला डिझेल कोठून मिळते, हे विचारले. इतक्या धुळीत चालकाचा सदरा पांढरा कसा, हे विचारले. ज्यांच्या घरासमोरून गंगा वाहते त्यांनी आटलेला समुद्र पाहून काय मिळवायचे, हे तर मी हात पसरून विचारले. दादांची मान डोलू लागली. मला स्फुरण चढले. दादांना न सुचलेले आक्षेपही मी त्यांच्या वतीने शोधून काढले.

खंडनाला आरंभ करणार तोच आरतीची घंटा झाली.

आरतीनंतर हात वर करून मत घेतले. माझ्या चित्रपटाच्या बाजूने एकच हात वर गेला आणि तो माझा होता. तोही अर्धवटच, कारण आक्षेप मलाही पटू लागले होते.

"काका, आपण तर आपलीच फिल्म फेल केली!" शेजारची सून म्हणाली.

"पेपर काढणारे तेच, नापास होणारेही तेच," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "अहो, निदान उत्तरपक्ष तरी आधी बोलायचात!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दारात उभे. "मास्तर, लाव ती बस."

"पण दादा, तुम्ही तर जिंकलात."

"माझा पक्ष तू मांडलास. खरा मांडलास की नाही, ते मला पाहायला नको?"

मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि हातात पट्टी घेऊन उभा राहिलो. बस नेहमी पडद्यावर डावीकडून उजवीकडेच जाते, त्यामुळे कितीही धुमश्चक्री झाली तरी कोण कोठे आहे हे कळते, हा माझा मुख्य सिद्धांत.

"पट्टी खाली ठेव. दिसत नाही," दादा म्हणाले.

मी बसलो. पडद्यावर चालक निघण्यापूर्वी लोखंडी कांबीने एकेका चाकावर ठोका देत बसभोवती फिरत होता. येथे मी नेहमी चहा ठेवायला उठतो, तसा आताही उठलो, पण दादांकडे पाहून दारातच थांबलो. दादांचा तळहात मांडीवर होता, विद्यार्थ्याचे पठण ऐकताना असतो तसा. ठोका, ठोका, ठोका. बसमध्ये चढणारा एक प्रवासी थबकला. एकाएकी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"चुकलं!"

"काय चुकलं?"

"ते चाक. बद्द वाजलं. बाकीची खणखणीत होती."

मी त्यांना समजावणार होतो की आवाजातला फरक केवळ दृश्य बदलल्यामुळे आहे. पण बरेच पुढे, लुटारू अगदी जवळ आल्यावर, तेच चाक निखळले. बस कलंडली. चालकाने तेव्हा खांद्याला धरून ज्याला बाहेर ओढले तो मघाशी ठोके ऐकून थबकलेला एकमेव प्रवासी होता. ते थबकणे मी आजवर एकदाही पाहिले नव्हते. मी चहा करत असे.

चित्रपट संपला. दादा पाय वर घेऊन नीट मांडी घालत म्हणाले, "पुन्हा लाव. पहिल्यापासून. मघाशी मी विरोधक म्हणून बसलो होतो."

"चहा?"

"नंतर. तू बस इथं."

मी बसलो, त्यांच्या शेजारी, पट्टीवाचून.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे. त्या चाकाचा आवाज दिग्दर्शकाने संगीताने अधोरेखित केलेला नाही, कॅमेराही तेथे रेंगाळलेला नाही. ऐकणारा कोणीतरी असेल एवढ्या विश्वासावर तो सोडून दिला आहे. म्हणून तो चित्रपट आजही पाहावा. हे उत्तर माझे नाही, आणि माझी सर्व तयार उत्तरे याच्यापुढे रद्द समजावीत.

माझ्या सांगण्यावर विसंबू नये. या जातीचा जो जुना चित्रपट हाती लागेल तो लावावा, मध्ये उठू नये, आणि मी म्हणतो ते खरे की खोटे हे कृपया स्वतः पडताळून पाहावे.