चांगल्या मालाचा नमुना

आमच्या शेंदूरजनाघाटात शकुनकाकूला न घाबरणारा माणूस दाखवायचा असेल तर तो वरूडहून आणावा लागेल, आणि तोही संध्याकाळच्या बसनं परत जाईल. मी हे ऐकीव सांगत नाही. तिच्या आणि माझ्या घरात भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची. त्या घरात भाजीला फोडणी पडली की ठसका मला लागतो, आणि तिच्या नवऱ्याला, नत्थुजीकाकांना शिव्या पडल्या की उगाच मीच मान खाली घालतो.

काकू फुरकानभाईच्या संत्रा मंडीत छाटणीला बसते. ढिगाच्या अगदी तोंडाशी, पोत्याची घडी घालून. फळाकडे ती बघतसुद्धा नाही, हातानंच ओळखते. मोठं, चकचकीत फळ नंबर एकच्या कॅरेटात, बारीक फळ, म्हणजे चुरी, दुसरीकडे, आणि फुटकं मागच्या टोपलीत. टोपलीतलं फुटकं बायकांनी घरी न्यायचं, असा मंडीचा रिवाज. बाहेरगावचा व्यापारी आला की नमुनाही काकूच काढून देते. ढिगातलं सगळ्यात देखणं फळ निवडायचं, पदरानं पुसायचं आणि त्याच्या हातावर ठेवायचं. व्यापारी पाघळतो. खालचा माल कसा आहे ते त्याला त्याच्या गावी गेल्यावर कळतं, तोवर गाडी सुटलेली असते.

ढिगाच्या तोंडाची ती जागा म्हणजे काकूची गादी. मागच्या रांगेत जमुना नावाची एक तरणीताठी बाई बसते, आणि तिचा डोळा त्या पोत्यावर आहे हे काकूला पक्कं ठाऊक. म्हणून ताप असो, खोकला असो, हंगामात काकूनं मंडी चुकवली असं कधी झालं नाही.

तिचे यजमान नत्थुजी त्याच मंडीत कॅरेटं गाडीत चढवतात. मिशा भरदार, दंड पिळदार, आवाज असा की कुत्री उठून जातात. घरात पहिलं ताट त्यांचं, भाजीतला वरचा तवंग त्यांचा, दुधाची साय त्यांची. काकू सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची, आणि वर लगेच काळाकुट्ट चहा. नत्थुजींची एकच सवय गावाला खटकायची. घरात पक्का संडास असताना हा माणूस पहाटे डबा घेऊन नाल्याकडे जायचा. का, तर म्हणे मोकळं वाटते. मी स्वतः त्यांची चिक्कार टिंगल केली आहे.

त्यांची मुलगी सीमा अकोल्याला जुन्या शहरात दिलेली. दिवाळीला आली तेव्हा तिनं आईला भिंत धरून उठताना पाहिलं. मग डब्यातले कच्चे तांदूळ बोकाणा भरून खाताना पाहिलं. तिनं आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तर आत चुन्यासारखं पांढरं. आई म्हणाली, मले काय धाड भरली. मुलगी आईवरच गेलेली. अकोल्याला पोचताच तिनं मोबाईलवरून घरच्या घरी रक्त तपासायचा डबा मागवून पाठवला. बोटाला टोचायचं, चार थेंब कागदावर टिपायचे, वाळवायचे आणि पाकिटात घालून कुरियरनं धाडायचे. शरीरात लोहाचा साठा किती ते म्हणे सीमाच्या मोबाईलवर येणार. साठा आटला असेल तर आईला हंगामभर अकोल्याला नेऊन ठेवणार, हेही तिनं फोनवर बजावून सांगितलं.

ही धमकी तिनं द्यायला नको होती. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल मंडीत नुकता उतरत होता. काकू अकोल्याला गेली की जमुना पोत्यावर बसणार, आणि एकदा बसलेली जमुना उठणार नाही.

काकूनं डबा दोन दिवस देव्हाऱ्याजवळ ठेवला. तिसऱ्या दिवशी नत्थुजी ठेचा-भाकर हाणून ढेकर देत बाजेवर बसले होते, तेव्हा तिनं नुसतं म्हटलं, बोट द्या. संसाराला तीस वर्षं झाल्यावर नवरा कारण विचारत नाही. त्यांनी बोट दिलं आणि टोचल्यावर असे ओरडले की भिंतीपलीकडे माझा चहा सांडला. कागद भरला, पाकिटात गेला, त्यावर काकूचं नाव आणि काकूचं वय पडलं. मंडीला निघताना ती गाणं गुणगुणत होती.

तिच्या हिशोबानं तिनं काही खोटं केलं नव्हतं. नमुना मागितला की घरातला सगळ्यात चांगला माल द्यायचा, एवढंच तिनं केलं होतं.

आठवडाभरानं सीमा पहिल्या बसनं अमरावती, वरूड करत दारात हजर. हातात खजूर, गूळ, बीट आणि डोळ्यांत पाणी. साठा जवळजवळ संपलेला आला होता. काकू रडणाऱ्या मुलीकडे बघायची सोडून नवऱ्याकडे बघत राहिली. नत्थुजी बीट उलटंसुलटं करून बघत होते. त्यांच्या बोटाचा आणि या रडारडीचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं अमरावतीला डॉक्टरकडे. काकू वाटभर देवाचं नाव पुटपुटत होती. सीमाला वाटलं आई घाबरली आहे. ती घाबरली होतीच, पण स्वतःसाठी नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि शांतपणे सांगितलं की या वयात साठा इतका खाली गेला म्हणजे रक्त कुठून तरी गळत असणार. पोटातून, आतड्यातून. कधी साधं काही असतं, कधी साधं नसतं. ते शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देऊन चालणार नाही.

काकूला गप्प राहता आलं असतं. गोळ्या घेऊन, मुलीला चुकवून रातोरात गावी, पोत्यावर. पण तिनं पदर सावरला.

"डागदरसाहेब, थे रक्त माहं नोहे," ती म्हणाली. "याह्यचं हाय."

सीमाचं रडणं जागच्या जागी थांबलं. डॉक्टर नत्थुजींकडे वळले. नत्थुजी वर पंख्याकडे बघायला लागले. मग त्या कुत्री उठवणाऱ्या आवाजातून इतकं बारीक काही निघालं की डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं. तीन वर्षांपासून मूळव्याध, रोज रक्त. बायकोला दिसू नये म्हणून पहाटे नाल्यावर.

दुर्बिणीची तपासणी झाली. निकाल यायचा होता ते दोन दिवस काकू दवाखान्याच्या बाकावर बसून होती आणि देवालाही शिव्या देत होती. आतडं स्वच्छ निघालं. नुसती मूळव्याधच होती, ती कापली. नत्थुजी महिनाभर हवेच्या गोल उशीवर बसले, आणि ती उशी फुगवायचं काम माझ्याकडे आलं. केलेल्या टिंगलीची फेड म्हणून मी ते निमूट केलं.

पण डॉक्टर काकूला सोडणारे नव्हते. तिचंही रक्त घेतलं. तिचा आकडा नवऱ्याच्याही खाली निघाला. सगळ्या तपासण्या झाल्या, गळती कुठेच नव्हती. जन्मभर मागून जेवायचं आणि वर चहा ढोसायचा, एवढंच कारण. तुम्ही आजवर उभ्या तरी कशा राहिलात, असं डॉक्टरांनी विचारलं. काकू म्हणाली की मी कायले उभी राहू, मी तं बसून छाटणी करतो.

सीमा मात्र हसली नाही. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आई, तुहं रक्त काहून नाही देल्लं?"

"नमुना चांगल्या मालाचा देतेत," काकू म्हणाली. "माह्या अंगात काय हाय, मले का ठाऊक नव्हतं?"

नत्थुजी उशी काखेत धरून बाजूला उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि बसमध्ये खिडकीची जागा तिला दिली. त्यांच्याकडून एवढंसुद्धा पहिल्यांदाच झालं होतं. अकोल्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

काकू मंडीत परतली तेव्हा पोत्यावर जमुना बसलेली होती. काकू तिच्यासमोर उभी राहिली. जमुना उठली. ती उठणार नाही ही भीती फुकटच होती.

डॉक्टरांनी गोळी दिली होती. चहाबरोबर घ्यायची नाही, संत्र्याबरोबर चालेल, असं बजावलं होतं. दुपारी बायका भाकरी सोडून बसल्या. काकूनं गोळी काढली. सवयीनं तिचा हात मागच्या फुटक्या टोपलीकडे गेला, आणि अर्ध्यात थांबला. मग तिनं पुढे वाकून नंबर एकच्या कॅरेटातलं सगळ्यात वरचं फळ उचललं, पदरानं पुसलं आणि सोलायला घेतलं. मागच्या रांगेतून जमुनानं मान उंच केली. फुरकानभाई गादीवरून हे बघत होते.

"काई नाही भाऊ," काकू पहिली फोड तोंडात टाकत म्हणाली. "नमुना पाहून राह्यलो."