बकारामची मान

पागेत दोन गोष्टी कितीही काढल्या तरी संपत नाहीत. एक लीद आणि दुसरे किस्से! सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत पुन्हा ढीग. ती पाग सोडून मला आता इतकी वर्षं झाली, तरी चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "कंपौंडर, बकारामचा एखादा होऊन जाऊ द्या!" मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू का? हे सगळं घडत होतं तेव्हा माझी पाचावर धारण बसलेली असायची.

आधी ठावठिकाणा सांगतो. इंग्रजांचं राज्य होतं. मी गोंदियाजवळच्या नागऱ्याचा, पण नोकरी सालेकशाकडच्या एका जमीनदारांच्या खाजगी दवाखान्यात. मालकांना घोड्यांचा भारी नाद. छावणीतल्या गोऱ्या साहेबांची तीन दिवसांची घोडेस्वारीची स्पर्धा कधीतरी पाहून आले आणि तसलीच आपल्याकडे सुरू केली. पहिल्या दिवशी चाल, म्हणजे घोडा शिस्तीत फिरवून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी रिंगणात उड्या. तिसऱ्या दिवशी मैदान. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांचे उंच धुरे, म्हणजे बांध, नाला, जंगलाचा तुकडा, हे सगळं ओलांडून भरधाव परत यायचं. छावणीत क्रम वेगळा होता म्हणे, पण मालकांना शेवट धडाक्यात हवा असे.

साहेब लोक यायचे, आसपासचे जमीनदार आपापले स्वार घेऊन यायचे, आणि कप मात्र दरसाल आमच्या पागेच्या स्वाराकडे, बकारामकडे! मालक त्याला 'चॅम्पियन' म्हणत. गाव 'चंपीन' म्हणे.

माझं काम एकच. मैदानातल्या सर्वांत वाईट उडीपाशी स्ट्रेचर घेऊन उभं राहायचं. त्यामुळे हा चॅम्पियन मी पाहिला तो बोटांच्या फटीतून.

* * *

माझी पहिलीच स्पर्धा. मैदानाचा दिवस. सगळे स्वार मिशांना पीळ देत उभे, आणि बकाराम दिसेना. शोधत गेलो तर मोहाच्या झाडामागे ओणवा होऊन भडाभडा ओकतोय!

मी पळत जाऊन औषधाची बाटली आणली. म्हटलं, "बकारामभाऊ, काल काय खाल्लं?"

"काही नाही खाल्लं जी. भेव लागून राहिलं."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो पुन्हा ओणवा झाला.

"एवढी भीती वाटते, तर घोडीवर बसता कशाला?"

त्याने तोंड पुसलं, पटका नीट केला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "खाली उभा राहिलो तर समदं भेव माझ्या एकट्याच्या वाट्याले येते. वर बसलो का आमी दोघं वाटून घेतो!"

आणि गेला. कप घेऊन आला. मी मात्र ती औषधाची बाटली स्वतःच पिऊन टाकली होती.

* * *

त्याच्या घोडीचं नाव कवडी. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, बाकी सगळी काळी. तिच्यावर दुसरा कुणी बसत नसे. म्हणजे बसत; पण उडी जवळ आली की कवडी जागच्या जागी थांबायची आणि स्वार एकटाच पलीकडे जायचा!

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या स्वारांनी मैदान पायी फिरून बघायचं, असा रिवाज होता. बाकीचे बूट वाजवत, विड्या ओढत फिरायचे. बकाराम अनवाणी फिरायचा आणि मला बरोबर न्यायचा. प्रत्येक उडीपाशी थांबून विचारायचा, "कंपौंडरबाबू, अठी पडलो तर कोन्या अंगावर पडीन?"

मला काय माहीत? मी म्हणायचो, "उजव्या." तो मान डोलवायचा आणि तिथे तणसाच्या पेंढ्या टाकून ठेवायला लावायचा. संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे बकाराम इतक्या ठिकाणी इतक्या तऱ्हांनी पडून झालेला असायचा की माझं जेवण उडायचं.

मैदानाच्या दिवशी तो कुठेच पडला नाही. नाल्याच्या उडीवर कवडी अशी अंगावर आली की मी घाबरून स्ट्रेचरसकट मागे सरकलो आणि काठावरून खाली गेलो. पेंढ्या होत्या म्हणून वाचलो. बकारामने नंतर खाली वाकून विचारलं, "कोन्या अंगावर पडले जी?"

उजव्या!

* * *

पण एकदा तो खरंच पडला. स्पर्धेत नव्हे, सरावात. आमच्याकडच्या बांध्यांचं असं आहे, धुरा अलीकडून कमरेएवढा दिसतो आणि पलीकडे जमीन एकदम खोल. कवडी पलीकडे चिखलात रुतली आणि बकाराम डोक्यावर आपटला. उठला, कपडे झटकले, पण मान एका बाजूला कलली ती सरळ होईना.

मी त्याला रेल्वेने गोंदियाला नेलं. रूळ बदलताना डबा हिसका द्यायचा आणि मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसायचो. समोरचा एक राईस मिलवाला बघून म्हणाला, "भाईसाब, मन्नत है क्या?"

डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "नशीब समजा. पण ही मान पुन्हा हिसकली, तर हातपाय गेले म्हणून समजा. कदाचित जीवही. पुन्हा पडायचं नाही!"

बकाराम म्हणाला, "मागच्या खेपेलेही मी पडासाठी नव्हतो गेलो, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. परतीच्या गाडीत त्याने माझ्याकडून वचन घेतलं की मालकांना सांगायचं नाही. मालकांचा नियम होता, जी घोडी स्पर्धेत पळणार नाही ती छावणीला विकायची. तो उतरला तर कवडी गेलीच. आणि छावणीत तिच्यावर कुणी बसू शकलं नाही, तर तिचं काय करतील ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

* * *

त्याची बायको कौसल्याबाई. ती स्पर्धा बघायला कधी आली नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तिला ठाऊक होतं. एके दुपारी पदर खोचून थेट दवाखान्यात आली.

"कंपौंडरभाऊ, माणसाले भेव लागावं असं काही औषध आहे का तुमच्यापाशी?"

मी म्हटलं, "वहिनी, त्याला भीती कमी नाही. मोहाच्या झाडाला विचारा. दरसाल तिथेच ओकतो तो."

हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं आपला नवरा दगड आहे. ती स्टुलावर बसली आणि डोळे पुसून म्हणाली, "भेव लागते अन् तरी जाते? मंग त्याच्यावरचंच औषध द्या ना!"

माझ्या कपाटात ते नव्हतं. मी तिला पाणी दिलं.

* * *

मग मी एक युक्ती केली. बांबूच्या पातळ कामट्या तासून, त्यांना कापूस गुंडाळून, बकारामच्या मानेभोवती पट्टी बांधली आणि वरून उंच कॉलरचा कोट चढवला. डोकं इकडे ना तिकडे. त्याला बाजूचं बघायचं असलं तर कवडीलाच वळवावं लागे!

चालीचा दिवस. छावणीचे कॅप्टनसाहेब जज. बकाराम रिंगणात आला. छाती पुढे, मान ताठ, नजर समोर. साहेब खुर्चीवरून उठले. छडी त्याच्याकडे रोखून बाकीच्या स्वारांना म्हणाले, "देखो! गर्दन देखो! ऐसा बैठने को मांगता!"

चालीत त्याला सर्वांच्या वर ठेवलं. पुढच्या वर्षी पाहतो तर सगळे जमीनदारी स्वार माना ताठ करून आलेले. एकाला तर उडी मारताना समोरचा ओंडकाच दिसला नाही. ते सगळे बकारामच्या मानेची नक्कल करत होते आणि मी देवाचं नाव घेत कॉलरखालून कामटीचं टोक दिसतंय का ते बघत होतो.

* * *

आता वाघाचा.

आमच्याकडे जंगलातून जायचं तर जनावराच्या गळ्यात घुंगरमाळ बांधतात. आवाज ऐकून वाघ बाजूला होतो, अशी रीत. कवडीच्या गळ्यात वर्षभर घुंगरं असायची. एकदाच बकारामने ती मुठीत दाबून धरली होती. नाल्यापाशी वाघ बसलेला होता आणि तो उठून जाईपर्यंत दोघं श्वास रोखून उभे होते. कवडीने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. घुंगरं वाजतात तोवर ठीक, घुंगरं गप्प म्हणजे वाघ!

हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. त्या वर्षी मैदानाच्या सकाळी कॅप्टनसाहेब म्हणाले, "घंटी नहीं चलेगा! निकालो!" आम्ही काढली.

कवडी बांध्या भराभर ओलांडून जंगलाच्या तोंडाशी आली आणि थांबली. कान उभे, नाकपुड्या फुगलेल्या, अंगभर कंप. मी तिथेच स्ट्रेचर घेऊन उभा. घोड्यावरून देखरेख करत आलेल्या साहेबांनी आपला घोडा मागे घेतला आणि विचारलं, "क्या है?"

बकाराम म्हणाला, "काही नाही साहेब. ते म्हणते, वाघ आहे."

मग तो थोडा पुढे झुकला आणि तोंडाने सुरू झाला, "छुम छुम, छुम छुम, छुम छुम!" कवडीचा एक कान मागे वळला. दुसरा वळला. आणि निघाली! आख्खा जंगलाचा तुकडा हा चॅम्पियन तोंडाने छुम छुम करत गेला. आम्ही बाहेर पोट धरधरून हसलो. साहेब म्हणाले, "मुंह का रूल नहीं है!" आणि कप दिला.

त्या दिवशी उन्हं कलताना जंगलाचा गार्ड मालकांकडे आला. नाल्यापाशी वाघाचे ठसे सापडले म्हणाला. मालक म्हणाले, "असतील जुने."

"जुने नाही जी. कवडीच्या खुरायच्या ठशायवर उमटले आहेत."

त्यानंतर छुम छुमवर आमच्यात कुणी हसलं नाही.

* * *

शेवटची स्पर्धा. पुढच्या वर्षी सगळंच बदललं, राज्य गेलं, पाग मोडली. पण तेव्हा कुणाला काय माहीत! मालकांनी आदल्या दिवशी सर्वांसमोर सांगून टाकलं होतं, "या वेळी कप आला तर कवडी बकारामची. कायमची. तिला कुणी विकणार नाही."

मैदानाच्या सकाळी दाट धुकं. मोहाच्या झाडामागून बकाराम तोंड पुसत आला. मी कामट्या बांधल्या, नेहमीपेक्षा घट्ट. तो म्हणाला, "कंपौंडरबाबू, आज भेव जास्त आहे. तिच्या वाट्यालेही जास्त जाईन."

मी नाल्याच्या उडीपाशी उभा राहिलो. आधी टापा ऐकू आल्या, मग धुक्यातून कवडी निघाली. उडी चांगली घेतली, पण पलीकडच्या काठावर तिचे पुढचे पाय घसरले. ती गुडघ्यांवर गेली. बकाराम पुढे फेकला गेला आणि तसाच मागे आला. मला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. कामटी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कवडी उठली. तो वरच होता. दोघं धुक्यात गेले.

मी स्ट्रेचर टाकून बांध्यांमधून शेवटच्या निशाणाकडे धावत सुटलो. पोचलो तेव्हा डफडी वाजत होती, पटके हवेत उडत होते. बकाराम सर्वांच्या आधी आला होता! कवडी मांडवासमोर उभी होती आणि तो तिच्यावर ताठ बसलेला, नजर समोर. कॅप्टनसाहेब टोपी काढून म्हणत होते, "क्या गर्दन है!"

मी गर्दीतून घुसलो. लगाम कवडीच्या मानेवर सुटा पडला होता. बकारामचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते, एक बोटही हलत नव्हतं.

"भाऊ, उतरा," मी म्हटलं.

त्याने फक्त डोळे माझ्याकडे वळवले.

इतक्यात मालक मांडवाच्या पायऱ्या उतरून आले. दोन्ही हातांत झेंडूचा हार, चांगला मनगटाएवढा जाड. विजेत्याच्या गळ्यात हार घालून त्याला घोड्यावरून ओढून मिठीत घ्यायचं, ही मालकांची दरसालची पद्धत. त्यांनी हार वर उचलला.

बकारामचे ओठ हलले. डफड्यांत मला एकट्यालाच ऐकू गेलं.

"कंपौंडरबाबू, मालकाले म्हणा, हार कवडीले घाला."

मी ओरडून सांगितलं. डफडी थांबली. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "बघा! याला म्हणतात चॅम्पियन!" सगळ्या मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला.

मालकांनी हार कवडीच्या गळ्यात घातला. एरवी अंगावर माशी बसली तरी ती घोडी पाय आपटायची. तेव्हा हलली नाही.