पुढच्या दारानं या

लिहायला बसण्याआधी मी माफी मागितली पाहिजे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आणि आईला सहीपुरते लिहिता येते. व्यक्तिचित्रे थोरांची असतात आणि ती लिहिणारेही थोर असतात, अशी माझी समजूत होती. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते बडोद्यात दारू विकत. शिवाय हे मला शांतपणे लिहिता येईल असे वाटत नाही. जिथे माझा तोल जाईल तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बापूकाका रोज सकाळी आमच्या गल्लीतल्या नळावर येत, ते तांब्या घेऊन नव्हे, तर उंच दांडीचा काचेचा पेला घेऊन. बायकांची रांग थांबवून पेल्यात बोटभर पाणी घेत, उजेडाकडे धरत, हळूच गोल फिरवत, नाक आत घालून हुंगत आणि मग एक घोट तोंडात घोळवून गटारात थुंकत. कपाळावर आठ्या घालून म्हणत, "आज पण आलाय." म्हणजे गटाराचा वास. नळाची जुनी पाइप गटाराला चिकटून गेली होती आणि कुठेतरी कुजली होती.

"काका, चढली का?" रांगेतून कोणीतरी विचारी, आणि सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसत.

"चढायला ही काय दारू आहे? दारू मी विकतो, ती स्वच्छ असते. हे विष तुम्ही फुकट मिळतं म्हणून हंडे भरभरून नेता! उकळा गं बायांनो, उकळा!"

ती त्यांची धंद्याची सवय होती. आजोबांपासून त्यांच्या घरात वाइनचा व्यापार. संस्थानच्या काळात दरबाराला आणि छावणीला त्यांच्याकडून माल जाई, विलायतेहून पेट्या येत. पुढे संस्थान विलीन झाले, दारूबंदी आली. गुजरात वेगळे झाले तेव्हा मी पाळण्यात होतो. दारूबंदी तशीच राहिली. बापूकाकांचे दुकान उरले ते फक्त परमिटवाल्यांसाठी, म्हणजे प्रकृतीच्या कारणावरून सरकारी परवाना मिळालेल्या मोजक्या म्हाताऱ्यांसाठी. स्वतः काकांनी आयुष्यात थेंब गिळला नाही. माल चाखायचा आणि थुंकायचा. "गिळलं की नाक मरतं," असे ते म्हणत.

दुकानाच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एका दाढीवाल्या इंग्रजाचे चित्र होते. गळ्यात मानाची जाडजूड साखळी, मागे दगडी कारंजे. काकांचे आजोबा ज्या व्यापाऱ्याकडून माल मागवत तो हा. त्याच्या नावाचा उच्चार कोणालाच धड येत नसे, म्हणून काका त्याला 'आपला साहेब' म्हणत. शंभर वर्षांपूर्वी हा वाइनवाला आपल्या गावाचा नगराध्यक्ष झाला आणि त्याने गावाला पिण्याचे पाणी आणले, असे काकांच्या आजोबांनी सांगून ठेवले होते. "बघ," काका मला म्हणत, "तिकडं वाइनवाल्याच्या गळ्यात गावानं साखळी घातली. इकडं गाव माझ्या ओट्यावर पाय ठेवत नाही."

हे खरे होते, आणि यातच सगळी गोष्ट आहे. काका आमच्या भागातून सुधराईवर, म्हणजे नगरपालिकेवर, निवडून गेले होते. दिव्याचा खांब हवा, दाखला अडला, गटार तुंबले, की लोक त्यांच्याकडेच जात. पण पुढून दुकान होते. दारूबंदीच्या गावात त्या पायरीवर दिसलेला माणूस पिणाराच, असे सगळे धरून चालत. मुलीचे लग्न मोडायला तेवढे पुरे होते. घर दुकानाच्या मागे आणि घराचे मागचे दार आमच्या गल्लीत. त्यामुळे अख्खी गल्ली मागच्या दाराने जाई, इकडे तिकडे बघून, डोके खाली घालून. प्रत्येकाला काका तेच ओरडत, "पुढच्या दारानं या ने! चोर आहात काय?" आणि ओरडता ओरडता पाट सरकवून काम विचारत. माझी कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून लागणारा उत्पन्नाचा दाखला त्यांनीच मिळवून दिला. त्या दिवशी वडील उन्हाचे निमित्त करून तोंडावर पंचा ओढून गेले होते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना निवडणूक आली. काकांनी भांडून भांडून आमच्या गल्लीसाठी नवी पाइप मंजूर करून आणली होती. खोदाई निवडणुकीनंतर व्हायची होती. विरुद्ध उभे होते एक वकील. ते निवडून आले तर पाइप पलीकडच्या त्यांच्या नव्या सोसायटीकडे वळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

मारुतीच्या देवळासमोर दोघांची एकत्र सभा झाली. वकिलांनी काकांना नावे ठेवली नाहीत. हात जोडून एवढेच म्हणाले, "बापूसाहेब म्हणतात, अख्खी गल्ली त्यांच्या घरी येते. इथं सगळी अब्रूदार माणसं बसली आहेत. जो कोणी दारूवाल्याच्या घरी गेला असेल, त्यानं फक्त हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. समोर बसलेल्यांपैकी एकही माणूस असा नव्हता की ज्याला काकांनी पाटावर बसवले नव्हते. हे आठवले की आजही माझी कानशिले तापतात. मी हात वर केला. वडिलांनी मनगट धरून तो खाली ओढला. मागून कोणीतरी म्हणाले, "अल्या, कॉलेजात गेला ने लगेच परमिट काढलं?" सगळे हसले. जे मागच्या दाराने सगळ्यात जास्त वेळा गेले होते ते सगळ्यात मोठ्याने हसले.

काका उठले. "बराबर आहे," ते म्हणाले. "कोणी येत नाही माझ्याकडे. मग माझ्या मागच्या दाराचा उंबरा झिजला कसा? उंदरांनी?"

निवडणुकीत ते पडले. त्याच संध्याकाळी त्यांनी मागच्या दाराला आतून अडसर घातला आणि वर कुलूप लावले. मी पुढच्या पायरीने त्यांना भेटायला गेलो. घरी परतल्यावर वडील माझ्याशी बोलेनात. काका मात्र खूश झाले नाहीत. "तू एकटा येऊन काय उजेड पाडणार?" म्हणाले. मग साहेबाच्या चित्राकडे बघत पुटपुटले, "ह्याच्या गावाला मागचं दार नसेल."

पाइप सोसायटीकडे गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ शिरली, ती घरोघर फिरली. माझी धाकटी बहीण शुभा परीक्षेच्या दिवसांत अंथरुणाला खिळली, तिचे वर्ष गेले. ज्या गल्लीने त्यांना पाडले तिच्या नळावर काका अजूनही सकाळी पेला घेऊन येत होते. हुंगत, थुंकत, ओरडत, "उकळा!" आता कोणी हसत नव्हते. पण पुढच्या दाराने जाऊन "काका, चुकलं" म्हणणाराही कोणी निघाला नाही. माणसे भित्री असतात हे मी समजू शकतो. पण इतकी? आपल्या पोरांचे डोळे पिवळे झालेले दिसत असतानाही?

मी एम.ए.साठी पुण्याला आलो. निघताना काकांनी मला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडले आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा गृहस्थ इथं पाणी प्यायला येत होता, बरं का!"

त्यानंतर मला त्यांची काही खबर नव्हती. घरच्या पत्रांत त्यांचे नाव येत नसे. गेल्या आठवड्यात वडील अचानक वसतिगृहावर आले. पुण्याला येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. आईने दिलेला चिवडा त्यांनी टेबलावर ठेवला, खाटेच्या कडेला बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"बापूकाका गेले," ते म्हणाले. "महिना झाला. तुला लिहायला मला जमेना."

"तुम्ही गेला होतात?"

"गेलो ने. सगळी गल्ली गेली. बायकापोरं, सगळे. उभं राहायला जागा नव्हती. मागच्या दाराशी उभे होतो आम्ही. दाराला कुलूप होतं. कोणीतरी आतून काढील असं वाटलं."

"आणि काका?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"पुढून नेलं. पुतण्या होता, दोन परमिटवाले म्हातारे होते. चौथा खांदा मिळेना म्हणून रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला बोलावलं."