सुजाताने थांबवलेलं यंत्र

सुजाताच्या आईचा जळोचीहून फोन आला, तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. "पोरी, आपली सुजा न्हाय राहिली..." एवढंच त्या बोलल्या. पुण्यात ऑफिसचा जिना चढताना तिच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. वय त्रेचाळीस. त्याला आता महिना होत आला.

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये आमची घरं शेजारी होती. तिचे वडील कारखान्यात टर्नर, लेथवर जॉब म्हणजे यंत्रांचे सुटे भाग कातायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी जळोचीला घर बांधलं. सुजाता इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत अल्ट्रासाउंडने शरीरातली गाठ जाळणारं यंत्र बनवू लागली. ते काय असतं, हे तिने मला एकदा अंगणात बसून समजावलं होतं. वाटीसारख्या खोलगट भागावर शेकडो बारीक स्फटिक बसवायचे. गाठीपासून लांबच्या स्फटिकाने लहर आधी सोडायची, जवळच्याने किंचित मागून. म्हणजे सगळ्या लहरी एकाच ठिकाणी एकदम पोचतात आणि तेवढीच जागा जळते. कातडीवर ओरखडाही नाही.

तात्यांच्या यकृतात गाठ निघाली, तेव्हा तिचं यंत्र रुग्णांवरच्या चाचणीला जवळजवळ तयार होतं. नेमकं तेव्हाच मांसाच्या तुकड्यावर तपासताना ठरल्या जागेखेरीज बाजूलाही भाजल्याचा एक पांढरा डाग उठला. वरिष्ठ म्हणाले, किरकोळ आहे. सुजाताने मंजुरीच्या कागदावर सही केली नाही. स्फटिक सारख्या अंतरावर बसवल्यामुळे लहरी भलतीकडेही जमत होत्या. सगळी मांडणी नव्याने करायला हवी होती. त्यात वर्षं जाणार, हे तिला कळत होतं. ती घरी आली, तात्यांच्या पायाशी बसली आणि रडली. तात्या म्हणाले, "चुकलेला जॉब म्होरं द्यायचा न्हाय. मी असलो काय, नसलो काय..."

चार महिन्यांत ते गेले. यंत्राने ते वाचले असते का, कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यानंतर सुजाता माझ्याशी तात्यांबद्दल कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही... विचारायला हवं होतं.

मागच्या रविवारी मी जळोचीला तिच्या आईंना भेटायला गेले होते. तेव्हाच तिच्या सहकाऱ्याचा फोन आला. नवी मांडणी तपासून झाली होती. डाग हवा तिथेच उठला, बाकी मांस स्वच्छ. आईंनी मला दोनदा विचारलं, "म्हंजी बरोबर झालं नव्हं?" मी मान हलवली. त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथे दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. तात्यांच्या फोटोसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अवं, ऐकलं का? पोरीचं काम झालं."

शेजारच्या फोटोकडे बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.