भांड्यातलं नाणं

सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात ओफेलिया सेर्तुचेला सगळे ओळखतात ते शाळेच्या पिवळ्या बसमुळे. सव्वीस वर्षं तिनं पोरं पोहोचवली. कविता मात्र पन्नाशी उलटल्यावर सुचायला लागल्या, त्याही लाल सिग्नलला. अर्धी ओळ स्पॅनिश, अर्धी इंग्रजी. "आपण बोलतो तश्शीच," ती म्हणायची.

शनिवारी वाचनालयात ती पहिल्यांदाच कविता वाचणार होती, आणि कविता होती आईवर, डोन्या एर्मिनियावर. आईनं हो म्हटलं तरच वाचायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नाताळचे तमाले करायला तिघी मायलेकी जमल्या, पहिलं भांडं उकडायला चढलं, तेव्हा मक्याच्या सालींवर पीठ थापता थापता तिनं धीर करून ती वाचून दाखवली. दर कडव्याच्या शेवटी एकच ओळ यायची: 'माझी आई, भांड्यातलं नाणं.'

तमाले उकडताना एक नाणं भांड्याच्या तळाशी, पाण्यात टाकतात. ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे. गप्प झालं की पाणी आटलं.

"म्हणजे मी खुळखुळा?" आई भडकली. "आई बडबडी आहे, हे आता चारचौघांत सांगणार तू?"

धाकटी चायो फिसकन हसली. "ताई, खोटं कुठं लिहिलंयस!"

झालं. आईनं तोंडाला कुलूप लावलं. घर एकदम परकं वाटायला लागलं. ओफेलियानं कागदाची घडी करून खिशात घातली. शनिवार गेलाच म्हणायचा. चायो आईची मनधरणी करत राहिली. दोघींचं लक्ष आईच्या तोंडाकडे, चुलीकडे कुणाचंच नाही.

"पाणी!" आई ओरडली. "कानात बोळे घातलेत का गं? नाणं कधीचं थांबलंय! एवढ्या घोड्या झालात, एकीला ऐकू येत नाही! मी नसते तर सगळ्याचा कोळसा झाला असता!"

ओफेलियानं धावत जाऊन पाणी ओतलं. नाणं खुळखुळायला लागलं, आई त्याहून जोरात. ओफेलियाला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले.

बोलता बोलता आई थांबली. तिनं भांड्याकडे पाहिलं, मग लेकीच्या खिशाकडे.

"वाच," ती म्हणाली. "पण ती ओळ मोठ्यानं वाच. पार मागच्या खुर्चीपर्यंत गेली पाहिजे."

शनिवारी ओफेलियाला आवाज चढवावा लागलाच नाही. कडवं संपत आलं की पहिल्या रांगेतून आईच ती ओळ तिच्याआधी म्हणून टाकत होती.